द्यौस्, झ्यूस आणि साम्याची परीक्षा

१/ झ्यूसच्या हातात वीज, इंद्राच्या हातात वज्र. अशी दोन चित्रे शेजारी ठेवून 'हे दोघे एकच' असे सांगणारी पोस्ट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल, कदाचित पुढेही पाठवली असेल. निरनिराळ्या संस्कृतींच्या देवकथांत असे साम्य का आढळते, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याच्या उत्तरासाठी एका थोर विद्वानाची कीर्ती पणाला लागली होती. आजचा धागा त्या शोधाविषयी.

२/ मॅक्स म्युलर यांचा जन्म १८२३ साली जर्मनीतील डेसाउ येथे झाला. पॅरिसमध्ये बर्नूफ यांच्याकडे अध्ययन करून ते १८४६ साली इंग्लंडला आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या खर्चाने त्यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद संपादित केला. पहिला खंड १८४९ साली निघाला, सहावा १८७४ साली. या ग्रंथात त्यांनी स्वतःला 'मोक्षमूलर' म्हटले आणि ऑक्सफर्डला 'गोतीर्थ'. भारतात मात्र त्यांचे एकदाही येणे झाले नाही.

३/ संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच आदिभाषेच्या लेकी आहेत, हे तोवर विद्वानांत मान्य झाले होते. १८५६ साली 'तुलनात्मक पुराणकथाशास्त्र' या विषयावरील निबंधात म्युलर यांनी पुढचे पाऊल टाकले. भाषा एका घरातून निघाल्या असतील, तर देवांच्या कथाही त्याच घरातून निघाल्या असतील, असे त्यांचे अनुमान होते.

४/ त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे एक नाव. वेदांतील 'द्यौष्पितर्', ग्रीकांचा 'झ्यूस पातेर' आणि रोमनांचा 'ज्युपिटर' ही तिन्ही रूपे 'आकाशपिता' या एकाच प्राचीन संबोधनातून आली आहेत. आपले 'देव' आणि 'दिवस' हे शब्दही त्याच 'दिव्' म्हणजे प्रकाशणे या मुळातले. हा निष्कर्ष आजही अबाधित आहे.

५/ पण नाव जुळले म्हणून कथा उलगडत नाही. देवांविषयी इतक्या विचित्र, कधी क्रूर कथा का सांगितल्या गेल्या? म्युलर यांचे उत्तर होते : पुराणकथा हा भाषेला जडलेला आजार आहे. प्राचीन माणूस सूर्य, उषा, रात्र यांना अनेक काव्यमय नावे देई. कालांतराने नावांचा अर्थ विसरला गेला, उरली नुसती नावे. मग नावाला व्यक्ती चिकटली आणि व्यक्तीला कथा.

६/ उदाहरणार्थ, अपोलो डॅफ्नीच्या मागे धावतो आणि ती लॉरेलचे झाड होते, ही ग्रीक कथा. म्युलर यांच्या मते 'डॅफ्नी' हे मुळात उषेचे नाव. सूर्य मागे येताच उषा नाहीशी होते, एवढाच मूळ आशय. ग्रीक भाषेत लॉरेललाही 'डॅफ्नी'च म्हणतात. जुना अर्थ लोपला तेव्हा लोकांनी झाडाची गोष्ट रचली. उपपत्ती मोहक आहे, यात शंका नाही.

७/ अडचण अशी की या किल्लीने प्रत्येक कुलूप उघडू लागले. जिथे पाहावे तिथे सूर्य आणि उषा! बर्लिनचे आडालबेर्ट कून तीच पद्धत वापरीत. त्यांना मात्र सर्वत्र मेघ आणि वीज दिसे. ऋग्वेदातील सरण्यू कून यांना वादळी मेघ वाटली, म्युलर यांना उषा. दोघांत खरे कोणाचे, हे ठरविण्याची कसोटीच त्या पद्धतीत नव्हती.

८/ १८७० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या नियतकालिकात आर. एफ. लिटलडेल यांनी या उपपत्तीचे खुमासदार विडंबन केले. म्युलर यांचीच पद्धत वापरून त्यांनी सिद्ध केले की ऑक्सफर्डचे मॅक्स म्युलर हे कोणी ऐतिहासिक गृहस्थ नसून एक सूर्यकथा आहेत! हशा पिकला, पण विनोदाच्या आडून गंभीर आक्षेप होता. जी पद्धत काहीही सिद्ध करू शकते, ती काहीच सिद्ध करीत नाही.

९/ दुसरा धक्का भाषाशास्त्रातूनच बसला. ध्वनिपरिवर्तनाचे नियम काटेकोर होत गेले, तशा एकेक जोड्या गळू लागल्या. 'वरुण' आणि 'ऊरानोस', 'गंधर्व' आणि 'केंटॉरोस' ही समीकरणे बहुतेक अभ्यासकांनी सोडून दिली. लॅटिन 'देउस' आणि ग्रीक 'थेओस' या दोहोंचा अर्थ 'देव'. शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात, पण त्यांचे मूळ वेगळे आहे. उलट 'उषस्', 'एओस' आणि 'औरोरा' कानाला परके वाटतात; पण त्यांचे नाते खरे आहे.

१०/ तिसरा घाव स्कॉटिश लेखक अँड्र्यू लँग यांचा. ग्रीक कवी हेसिअड सांगतो की आकाश (ऊरानोस) पृथ्वीला बिलगून राही व अपत्यांना बाहेर येऊ देत नसे. अखेर क्रोनोसने विळ्याने बापावर वार केला. १८८४ साली लँग यांनी याच्याशेजारी न्यूझीलंडच्या माओरींची कथा ठेवली : रांगी (आकाश) व पापा (पृथ्वी) यांच्या मिठीत मुले अंधारात कोंडली होती; ताने या मुलाने दोघांना दूर लोटले.

११/ माओरी भाषेचे ग्रीकशी कसलेच नाते नाही. मग एका आदिभाषेचा आजार दोघांना कसा जडला? या एका प्रश्नाने म्युलर यांची इमारत हादरली. लँग यांचे स्वतःचे उत्तर असे : माणसाचे मन सर्वत्र समान पायऱ्या चढते. ग्रीकांच्या क्रूर कथा म्हणजे त्यांच्या 'रानटी' अवस्थेचे अवशेष, आणि तशाच कथा आजच्या 'रानटी' लोकांत जिवंत आहेत.

१२/ या 'रानटी' शब्दापाशी जरा थांबू. ही माओरी कथा युरोपात पोहोचली ती गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांच्या १८५५ सालच्या पुस्तकामुळे. त्यामागे ते रांगिकाहेके या माओरी सरदाराने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या हाताने लिहिलेली हस्तलिखिते होती. पुस्तकावर नाव ग्रे यांचे राहिले. समकालीन लेखक सिद्धान्तात 'आदिम अवशेष' ठरला! तुलनेच्या या शास्त्राला साम्राज्याची अशी सावली होती.

१३/ क्रोनोसच्या कथेला मग अनपेक्षित वळण लागले. तुर्कस्तानातील बोआझकोय येथे १९०६ पासूनच्या उत्खननात हित्तींच्या राजधानीतील हजारो मृत्तिकापट सापडले. त्यांतील एका कथेत कुमारबी हा देव आकाशदेव अनूचे पुरुषत्व दातांनी तोडून राज्य घेतो आणि पुढे वादळदेव तेशुब त्याला पदच्युत करतो. ऊरानोस, क्रोनोस, झ्यूस हाच क्रम. आणि हे पट हेसिअडपेक्षा किमान पाच शतकांनी जुने!

१४/ यात आणखी एक गंमत आहे. हित्ती भाषा ग्रीकच्या कुळातलीच. पण कुमारबी व तेशुब हे हुर्री लोकांचे देव, आणि हुर्री भाषा त्या कुळाबाहेरची. अनू तर मेसोपोटेमियाचा. म्हणजे ही कथा ग्रीकांना आदिभाषेच्या वारशातून मिळाली नव्हती, आणि ती केवळ 'सर्वत्र सारख्या मना'तून उगवली असेही म्हणता येत नाही. ती शेजाऱ्यांकडून आली होती, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

१५/ यातून साम्याची तीन कारणे हाती लागतात. पहिले वारसा : येथे नियमबद्ध ध्वनिसंबंध दाखवावा लागतो. दुसरे देवघेव : येथे संपर्काचा मार्ग, काळ आणि कथेतील बारकाव्यांचा तोच क्रम दाखवावा लागतो. तिसरे समान अनुभव : वर आकाश, खाली धरती आणि मधून येणारा पाऊस जगभर सर्वांनीच पाहिला आहे. शिवाय निव्वळ योगायोगही असतोच.

१६/ आता झ्यूस आणि इंद्र यांच्याकडे परत येऊ. झ्यूसचे नाव द्यौसचे. पण ऋग्वेदात द्यौस् पुसट झालेला आहे, त्याच्या एकट्यासाठी स्वतंत्र सूक्त नाही. वीज आणि देवांचे राजेपण तेथे इंद्राकडे आहे, नाव मात्र वेगळे. म्हणजे नाव जुळते तेथे भूमिका जुळत नाही, आणि भूमिका जुळते तेथे नाव जुळत नाही. 'दोघे एकच' या दोन शब्दांत हा सारा इतिहास पुसला जातो.

१७/ अशा घाईची किंमत मोठी असते. भाषांच्या नात्यावरून लोक 'आर्य वंश' आणि 'आर्य रक्त' यांविषयी बोलू लागले. आपल्या पूर्वीच्या लेखनानेही या समजाला बळ दिले, याची जाणीव म्युलर यांना झाली असावी. १८८८ साली त्यांनी निक्षून बजावले की 'आर्य' ही संज्ञा भाषेची आहे, तिचा रक्ताशी वा कवटीच्या आकाराशी काही संबंध नाही. फार थोड्यांनी ऐकले. विसाव्या शतकात त्याचे जे झाले, ते आपण जाणतो.

१८/ या कथेचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १८९७ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. म्युलर यांनी त्यांना तुरुंगात ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती पाठवली आणि सुटकेच्या विनंतिअर्जाला पाठिंबा दिला. तीच उषासूक्ते वाचून टिळकांना अनेक दिवस टिकणारी ध्रुवप्रदेशातील उषा दिसली. १९०३ साली त्यांचा 'आर्क्टिक होम' हा ग्रंथ आला. आजचे अभ्यासक तो सिद्धान्त मान्य करीत नाहीत. पण त्यामागचा व्यासंग आणि दोन विद्वानांमधील स्नेह विसरता येत नाही.

१९/ म्युलर १९०० साली निवर्तले. त्यांची सूर्यकथा त्यांच्यासोबतच अस्तास गेली. परंतु एकच धर्म जाणणाऱ्याला तोही नीट कळत नाही, म्हणून धर्मांचा अभ्यास शेजारी-शेजारी ठेवून करावा, हा त्यांचा आग्रह टिकला. त्यांनी संपादिलेल्या पौर्वात्य धर्मग्रंथांच्या ५० खंडांच्या मालेवर पुढील कित्येक पिढ्या पोसल्या.

२०/ जाता जाता एक गृहपाठ. शतपथ ब्राह्मणातील मनू आणि मासा, मेसोपोटेमियातील महापूर, बायबलमधील नोहा : या तीन प्रलयकथा शेजारी ठेवा. कोणते तपशील जुळतात, कोणते नाहीत? नावे जुळतात का? संपर्काचा मार्ग कोणता, आणि तो कोणत्या काळी? की नदीकाठच्या प्रत्येक माणसाला पूर ठाऊक असतोच? आपले उत्तर कारणांसह खाली लिहा. 'सगळे एकच' एवढेच लिहिणाऱ्यास गुण मिळणार नाहीत.