वंशावळीची खातरजमा



वंशावळ ही वस्तू पूर्वी वतनदारांच्या दप्तरात, भाटांच्या चोपड्यांत आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत असे. आता ती ज्याच्या त्याच्या खिशात आली आहे. मोबाईलवर आडनाव आणि गाव लिहिले की आठ-दहा पिढ्यांचे झाड पडद्यावर उभे राहते. झाड सुबक असते, नावांभोवती चौकटी असतात, आणि शेंड्याला बहुधा कोणी सरदार किंवा राजा बसलेला असतो. त्या सरदाराचा मोतद्दार कोणाच्याच झाडावर कसा सापडत नाही, हा प्रश्न आम्हांस नेहमी पडतो. घोड्यापेक्षा स्वारच अधिक झाले असावेत!

आमच्या नांदेड-लातूरकडे ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. ७ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, निजामकाळातील नोंदी शोधण्यास आरंभ झाला, आणि सापडलेल्या पानांच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. पुढे २ सप्टेंबर २०२५ चा ‘हैदराबाद गॅझेट’चा निर्णय झाला. तेव्हापासून घराघरांत कागद पसरून वंशावळी जुळविणे चालू आहे. आरक्षण कोणास मिळावे, हा आमचा आजचा विषय नव्हे. त्यासाठी दुसरे मंडप आहेत. आमचा प्रश्न एवढाच, की पडद्यावर दिसणारे झाड खरे कोणत्या आधारावर मानावे?

कारण येथे पोराबाळांच्या भाकरीचा संबंध येतो. महाराष्ट्राच्या २००१ च्या कायद्याने जातीचा दावा सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर टाकला आहे. प्रमाणपत्र रद्द झाले की महाविद्यालयातील जागा जाते, नोकरीही जाते. नोकरीत बरीच वर्षे गेली एवढ्यावरून संरक्षण मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले. कच्ची वंशावळ जोडून दिली तर तिचे फळ पंधरा-वीस वर्षांनी मुलाच्या पदरात पडते. वंशावळ जोडून देणारा दलाल त्या वेळी कोठे असतो, हे आम्ही सांगावयास नको.

आता, वंशावळीत खोटे शिरले ते या नव्या यंत्रामुळे, असे कोणी समजू नये. पाटीलकीच्या तंट्यात थोरली शाखा कोणाची, पहिला मान कोणाचा, यासाठी दोन्ही पक्ष आपापली वंशावळ घेऊन गोतसभेपुढे उभे राहत, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नसे. वंशावळ हा साक्षीदार नव्हे. ती पक्षकाराची कैफियत आहे. म्हणूनच गोत महजर करताना आजूबाजूच्या गावांचे पाटील, बलुतेदार यांच्या साक्षी घेई. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. मागाहून लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या त्या वेळचे पत्र अधिक विश्वासाचे, हा त्यांचा आग्रह होता. आम्ही शाळा लौकर सोडलेली माणसे, परंतु युनियनच्या कचेरीत आमचा अनुभवही तोच आहे. कामगार वारला आणि फंडाच्या रकमेचा वाद उभा राहिला, की आज लिहिलेल्या दहा प्रतिज्ञालेखांपेक्षा वीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः भरलेला वारसनोंदीचा एक कागद अधिक बोलतो.

दहा पिढ्यांच्या झाडाला नऊ सांधे असतात. ‘हा त्याचा मुलगा’ हे नऊ वेळा निरनिराळे सिद्ध व्हावे लागते. शेंडा खरा आणि बुंधा खरा, म्हणून मधले आपोआप खरे होत नाही. प्रत्येक सांध्याला विचारावे : हे कोणत्या कागदावरून लिहिले? तो कागद कधी झाला? लिहिणाऱ्याला त्यात काही मिळवावयाचे होते काय? शाळेत नाव घालताना मास्तरांनी केलेली नोंद आणि दावा दाखल करण्याच्या आदल्या महिन्यात काढलेली नोंद यांचे वजन एक नव्हे. आणि एकाच्या झाडावरून दुसऱ्याने, दुसऱ्यावरून तिसऱ्याने उतरून घेतले तर ते तीन पुरावे होत नाहीत. एकच चूक तीन ठिकाणी नांदते, इतकेच.

आमच्या भागात पहिली फसगत नावांची. आजोबांचे नाव नातवाला ठेवावयाचे, ही चाल सर्वांच्या घरची. निजामी कागदांत पुष्कळदा आडनाव नाही. ‘रामा वल्द लक्ष्मण’ एवढेच. पुढच्या पिढीत ‘लक्ष्मण वल्द रामा’, त्याच्या पुढे पुन्हा ‘रामा वल्द लक्ष्मण’. आता हा रामा आजा की नातू? सन आणि गट पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि घाईत दोन पिढ्या गळतात. त्याच गावात दुसरा रामा लक्ष्मणही असतो. उलट, हजेरीपटावरचा मारुती, शिधापत्रिकेवरचा मारोती आणि सातबाऱ्यावरचा मारोतराव हा एकच इसम, असेही आम्ही शेकडो वेळा पाहिले आहे. नाव जुळले म्हणून माणूस जुळत नाही, आणि नाव जुळले नाही म्हणून तुटतही नाही. जमीन, भावांची नावे, बायकोचे नाव, ही सगळी जुळली पाहिजेत. बायकोचे नाव तर या झाडांवर क्वचितच असते. लेकी तर जणू त्या घरात जन्मल्याच नाहीत.

दुसरी फसगत सनाची. हैदराबादच्या कागदांत फसली सन असे, आणि त्याचे वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. १३३१ फसली म्हणजे ६ ऑक्टोबर १९२१ ते ५ ऑक्टोबर १९२२. फसली सनात ५९० मिळवावे. जानेवारीनंतरचा महिना असेल तर ५९१. हाच आकडा कोणी हिजरी समजला तर १९१२-१३ साल येते, म्हणजे नऊ वर्षांचा फरक. तेवढ्याने मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मतो! शके समजून १४०९ पर्यंत गेलेली झाडेही असावयास हरकत नाही.

लिपीचेही तसेच. वरच्या कचेऱ्यांत उर्दू, त्यापूर्वी फारसी, गावच्या पटवाऱ्याच्या हाती मोडी. उर्दूत ‘ळ’ नाही. त्यामुळे गावचा महसूल पाहणारा ‘माली पाटील’ आणि जातीने ‘माळी’ हे दोन्ही शब्द उर्दूत अगदी एकसारखेच लिहिले जातात. वाचणाऱ्याला गावगाडा ठाऊक नसेल तर हुद्द्याची जात होते. शाळेच्या रजिस्टरातील ‘कु’ हे अक्षर जातीच्या रकान्यात असेल तर एक अर्थ, मुलीच्या नावाआधी असेल तर निव्वळ कुमारी. म्हणून प्रतिमेतील एका ओळीवर भागवू नये. सारे पान पाहावे, रकान्यांची डोकी वाचावीत, मागचे व पुढचे पान पाहावे, एकाच शब्दाची शाई निराळी आहे काय तेही पाहावे.

तिसरी गोष्ट सरहद्दींची, आणि ती आमच्या लोकांना फार अडते. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्यापूर्वी लातूर उस्मानाबादेत होते, ज्याला आता धाराशिव म्हणतात. तेव्हा १९४० च्या म्हणून दाखविलेल्या कागदावर ‘जिल्हा लातूर’ असे असेल, तर पुढे वाचण्याचे श्रम वाचले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होते. उलट मुधोळ-भैंशाचा भाग नांदेड जिल्ह्यातून तोडून आंध्र प्रदेशाला जोडला गेला आणि आता तो तेलंगणात आहे. उदगीरकडील कुटुंबाला लातूरच्या कचेरीत पणजोबा सापडला नाही, म्हणजे पणजोबा नव्हता असे नाही. तो बिदरला असू शकेल. अशा वेळी बिदरला जाण्याचा खर्च वाचवून शेजारच्या गावचा त्याच नावाचा पणजोबा उचलून आणण्याकडे कल होतो. झाड पुरे दिसते, पण मुळे दुसऱ्याची असतात.

‘गॅझेटात आमचे नाव आहे’ हे वाक्य आम्ही हल्ली वारंवार ऐकतो. गॅझेटियरात आणि जनगणनेच्या छापील तक्त्यांत जातवार डोकी मोजलेली असतात. त्या जिल्ह्यात अमुक इतके लोक होते, एवढे त्यावरून कळते. त्यांत तुमचा आजा होता काय, हे तो तक्ता सांगत नाही. त्याला घराचा, गावचा, नावानिशीचा कागदच लागतो. इतर मागासवर्गासाठी तो १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा असावा लागतो.

असा कागद सर्वांकडे सारखा नाही, ही गोष्ट सुशिक्षित मंडळी विसरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरातील माणसेच गेली, तेथे पेटीतल्या कागदांचे काय सांगावे? भाटाने वही ठेवली ती दक्षिणा देणाऱ्याची. १९५४ चे खासरा पत्रक मोलाचे खरे, पण त्यात ज्याला जमीन त्याचे नाव; सालगड्याचे नाव त्यात कोठून येणार? भूमिहीन घराने जन्म-मृत्यूची नोंदवही आणि शाळेचे प्रवेश रजिस्टर आधी पाहावे. त्यानंतर १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही, जेथे शिल्लक असेल तेथे तहसिलीत मागावी. ती घरवार लिहिलेली आहे. घरातील प्रत्येकाचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव आणि वय त्यात आहे, जमीन असो वा नसो. बायकांची नावेही त्यात आहेत.