नंदभाषेचा पडदा

पेठेत माल घेऊन आलेल्या कुणब्यासमोरच त्याची नड किती व माल केवढ्यास पाडावा, ह्याविषयी दोन दलाल निःशंकपणे बोलत असत. त्यास काही उमगू नये ह्याची तजवीज नंदभाषा नामक सांकेतिक बोलीने केलेली होती. तीनास उधानू, पाचास मुळू, दहास आंगुळू. कुणबी नुसता तोंडाकडे पाहत राही आणि सौदा त्याच्या देखत ठरून जाई. हा मला उघड अन्याय वाटतो.

परंतु ऐकणारा प्रत्येक कान अजाणच असेल, ह्याची हमी कोण देणार? नंदभाषा अवगत असलेला प्रतिस्पर्धी शेजारच्याच गादीवर बसलेला असे. म्हणूनच भाव मुखाने न उच्चारता, रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून तो ठरविण्याची रीत गुरांच्या बाजारात व अडतीवर दीर्घकाळ टिकली. पुढे मोल्सवर्थ साहेबांच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात नंदभाषेचे हे अंक छापले गेले आणि साक्षरांपुरते ते गुपित संपुष्टात आले. निरक्षर शेतकऱ्यास कोशाचा काय उपयोग? त्याचे खरे रक्षण नियंत्रित बाजारांतील उघड लिलावाने केले, कारण तेथे भाव सर्वांस ऐकू जाईल असा पुकारावा लागतो.