मोंद्रागोनची पुंजी

स्पेनच्या उत्तरेस, बास्क प्रदेशाच्या डोंगरदऱ्यांत मोंद्रागोन नावाचे गाव आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत फादर होसे मारिया आरिस्मेंदिआरिएता हे पंचवीस वर्षांचे धर्मगुरू तेथील धर्मग्रामात साहाय्यक म्हणून आले. बालपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. यादवी युद्धात पराभूत बास्क पक्षाच्या वृत्तपत्रात लिहिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवासही सोसला होता. युद्धाने गाव खचले होते. तेथील मोठ्या पोलाद कारखान्याची शिकाऊ शाळा होती, पण तिचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. फादरांनी १९४३ साली गावकऱ्यांच्या वर्गणीतून वीसेक मुलांची तंत्रशाळा काढली.

फळ दिसायला तेरा वर्षे लागली. १९५६ साली त्यांच्या पाच विद्यार्थ्यांनी मोंद्रागोनमध्ये रॉकेलच्या शेगड्या बनविणारा 'उलगोर' कारखाना थाटला. पाच जणांच्या नावांतील अक्षरे जोडून हे नाव बनले होते. भांडवल बरेचसे परिसरातील लोकांचेच होते. १९५९ साली फादरांच्याच आग्रहाने 'काहा लाबोराल' ही श्रमिकांची बँक निघाली. (वसईकरांना येथे मॉन्सिनॉर मोनिस यांनी १९१८ साली स्थापलेली कॅथलिक पतपेढी आठवेल.) सरकारच्या लेखी सहकारी कामगार हे नोकर नव्हते, मालक होते; म्हणून त्यांना सरकारी विमा नाकारला गेला. तेव्हा त्यांनी आपली स्वतंत्र विमा योजना उभारली.

या व्यवस्थेचे खरे मर्म नफ्याच्या वाटणीत आहे. प्रत्येक सभासदाला एक मत. आरंभी सर्वांत वरचा पगार सर्वांत खालच्या पगाराच्या तिपटीहून अधिक नसे. नफ्यातील काही भाग शिक्षण व समाजकार्याला, काही राखीव निधीला, आणि उरलेला सभासदांच्या खात्यांवर जमा होई. मात्र ती रक्कम संस्था सोडताना किंवा निवृत्त होतानाच हाती पडे. त्यामुळे पैसा दरीतच फिरत राहिला आणि त्यातून नवे कारखाने उभे राहिले. अर्थशास्त्राचे मोठे ग्रंथ जे सांगतात, त्याहून ही युक्ती मला अधिक शहाणपणाची वाटते.

फादर १९७६ साली निवर्तले. पुढे १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात गेला, जकातीच्या भिंती पडल्या आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांशी गाठ पडली. तग धरण्यासाठी मोंद्रागोनच्या संस्थांनी परदेशांत, चीनमध्येही, कारखाने काढले. पण तेथील बहुसंख्य कामगार सभासद नाहीत, केवळ वेतनदार आहेत. उलगोरचा वारस 'फागोर' याने २००५ साली फ्रान्समधील ब्रांट कंपनी घेतली. २००८ च्या मंदीत स्पेनमधील घरबांधणी कोसळली, घरगुती यंत्रांची मागणी आटली, कर्ज डोईजड झाले. भगिनी संस्थांनी अनेकदा हात दिला, अखेर २०१३ साली तो आखडता घेतला आणि फागोर बुडाले. बहुतेक सभासदांना इतर संस्थांत काम किंवा मुदतपूर्व निवृत्ती मिळाली. संस्थेत गुंतविलेली आयुष्यभराची पुंजी मात्र अनेकांच्या हातून गेली. ज्या साठवणुकीने दरी वर आली होती, तीच येथे घात करून गेली.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये उल्मा आणि ओरोना या दोन भरभक्कम संस्थांच्या सभासदांनी समूहाबाहेर पडण्याच्या बाजूने मतदान केले. तरीही समूहात आज ऐंशीच्या आसपास सहकारी संस्था आहेत, आणि फादरांच्या तंत्रशाळेतून वाढलेले विद्यापीठ मोंद्रागोनला चालू आहे.