मुंबईच्या गिरणीकामगारांच्या पांच मागण्या (इ. स. १८८४)

हिंदुस्थानांतील पहिला कामगारसंघ कोणता, हा प्रश्न शालेय पुस्तकांनीं एका ओळींत निकालांत काढिला आहे. इ. स. १८८४ मध्यें नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं मुंबईस 'बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन' स्थापन केली, येवढें वाक्य आम्हीं स्वतः वर्गांत तीस वर्षें सांगितलें व उत्तरपत्रिकेंत आढळल्यास त्यास एक गुण दिला. सेवानिवृत्त झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें कीं, "गुरुजी, त्या असोसिएशनचे सभासद किती होते? वर्गणी काय होती?" ह्या विद्यार्थ्याचे वडील १९८२ च्या संपांत गिरणीबाहेर पडले ते पुन्हां आंत गेले नाहींत, तेव्हां प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा नव्हता. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधीत असतां जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

उत्तर असें कीं, सभासदांची यादी नव्हती व वर्गणीहि नव्हती. फॅक्टरी कायद्याच्या अंमलबजावणीवरील मुंबई इलाख्याच्या १८९२ च्या अहवालांत ह्या असोसिएशनविषयीं स्पष्ट नमूद केलें आहे कीं, संघटित संस्था ह्या अर्थानें तिला अस्तित्वच नाहीं. तिची सभासदसूची नाहीं, निधि नाहीं, नियम नाहींत. लोखंडे हे, जो कोणी गिरणीकामगार त्यांच्याकडे येईल त्यास आपखुशीनें सल्ला देतात, इतकेंच. ह्या नोंदीच्या आधारें कांहीं अभ्यासकांनीं १८८४ चा मान काढून घेऊन तो मद्रासेस दिला आहे. तेथें बी. पी. वाडिया ह्यांनीं २७ एप्रिल १९१८ रोजीं मद्रास लेबर युनियनची स्थापना केली व तिला नियम, वर्गणी, सभासद हें सर्व होतें. दुसरे कांहीं बंगाल्याकडे बोट दाखवितात; बारानगर येथें शशिपद बानर्जी ह्यांनीं १८७० त श्रमिकांची सभा काढिली व १८७४ पासून 'भारत श्रमजीवी' हें मासिक चालविलें. पण त्या उद्योगाचा रोख शिक्षण व मद्यपाननिषेध ह्यांवर होता. मालकापाशीं कांहीं मागावें असा नव्हता. मद्रासेचा पक्ष मात्र विचारार्ह आहे, आणि त्याचें उत्तर तारखांनीं देतां येण्यासारखें नाहीं. संघ म्हणजे काय, हें आधीं ठरविलें पाहिजे.

प्रथम १८८४ त काय घडलें तें पाहूं. कावसजी दावर ह्यांनीं १८५४ त कंपनी काढून ताडदेवास उभारलेली गिरणी १८५६ त चालू झाली. तेव्हांपासून तीस वर्षांत घाटावरचा व कोंकणांतला हजारों कुणबी मुंबईच्या साच्यांवर व चात्यांवर येऊन उभा राहिला होता. विजेचे दिवे तोंवर गिरण्यांत आले नव्हते, म्हणून कामाचे तास सूर्य ठरवीत असे. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. अर्थात् उन्हाळ्यांत तें चौदा तासांच्या घरांत जाई. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभरांहून कमी माणसांच्या कारखान्यास लागूच नव्हता, व जेथें लागू होता तेथेंहि त्याचें लक्ष मुख्यतः मुलांवर होतें. सात वर्षांखालील मूल कामास लावूं नये, बारा वर्षांपर्यंतच्या मुलास नऊ तासांपेक्षां अधिक राबवूं नये, धोक्याच्या यंत्रांस कुंपण असावें, इतकाच त्याचा पसारा. प्रौढ पुरुष व स्त्रिया ह्यांच्याविषयीं कायदा मूक होता.

मुंबई सरकारनें १८८४ त ह्या विषयावर कमिशन नेमिलें, तेव्हां लोखंडे ह्यांनीं २३ व २६ सप्टेंबर रोजीं परळच्या सुपारीबागेंत कामगारांच्या सभा भरविल्या. तेथें ठरलेल्या अर्जावर सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या पांच होत्या: दर आदित्यवारीं सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत, आणि कामावर असतां इजा झाल्यास बरें होईपर्यंत पूर्ण पगार, व जन्माचें अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय.

ह्या पांचांत अधिक वेतनाची मागणी नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. चौथी मागणी तर आधींच कमावलेल्या पैशाविषयींची आहे. पगार मालकापाशीं अडकून राहिला म्हणजे कामगारास गिरणी सोडतां येत नाहीं, आणि मध्यंतरीं वाण्याचें व सावकाराचें देणें वाढत जातें. १५ तारखेच्या मागणीचा अर्थ हा आहे. पण आमच्या मतें सर्वांत मोलाची मागणी पांचवी. तिचें महत्त्व कळण्यास आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांकडे थोडें वळावें लागेल, आणि ह्या आमच्या जुन्या खोडीबद्दल वाचक क्षमा करतील.

मनूच्या अठरा व्यवहारपदांत वेतनादान व संविद्व्यतिक्रम हीं दोन पदें लागोपाठ येतात. वेतनादानाच्या प्रकरणांत आजारी भृतकाचा विचार आहे. धडधाकट असून गर्वानें काम न करणारास दंड. आजारी असल्यास मात्र बरा झाल्यावर त्यानें ठरलेलें काम पुरें केलें, तर पुष्कळ काळ लोटला असतांहि त्याचें वेतन त्यास मिळालें पाहिजे. म्हणजे आजारानें वेतनाचा हक्क बुडत नाहीं, पण आजारांतल्या दिवसांचें वेतनहि मिळत नाहीं. शुक्रनीतींत ह्याच्या पुष्कळ पुढचा विचार आढळतो. रुग्ण सेवकास अंशतः वेतन व चाळीस वर्षांच्या सेवेनंतर अर्धें वेतन तेथें सांगितलें आहे. परंतु त्या ग्रंथाचा काळ अत्यंत वादग्रस्त असून कांहीं विद्वान् तो एकोणिसाव्या शतकांतलाच मानतात, म्हणून त्याचा आधार घेऊन प्राचीनांची पाठ थोपटणें बरें नव्हे. सुपारीबागेंतील कामगार जें मागत होते तें मनूंत नाहीं. यंत्रानें हात नेला तर त्याचा भार यंत्राच्या धन्यानें वाहावा, हें तत्त्व जेथें साधनें कारागिराच्या मालकीचीं असतात तेथें सुचण्याचें कारणच नसतें.

येथेंच आपल्या पुष्कळ लेखकांचा घोटाळा होतो. 'प्राचीन काळीं आमच्याकडे श्रेणी होत्या, त्याच आजच्या युनियन' असें विधान वारंवार वाचण्यांत येतें. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख पाहावा. त्यानें तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील श्रेणींत कायम ठेव म्हणून ठेविले. दोन हजार एका कोलिकनिकायांत दरमहा शेंकडा एक ह्या व्याजानें, व एक हजार दुसऱ्या कोलिकनिकायांत शेंकडा पाऊण ह्या व्याजानें. हे कोलिक म्हणजे विणकर. ज्यांच्याकडे राजाचा जांवई ठेव ठेवितो व जे ती व्याजासह भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं सांभाळतात, ते विणकर मागाचे व भांडवलाचे धनी होते. परळचा विणकर साच्याचा धनी नव्हता. त्याच्यापाशीं आपले दोन हात होते, आणि तेहि जॉबरच्या मर्जीनें आंत घेतले जात. ह्या दोहोंस एका नांवानें हांक मारणें म्हणजे पेढीच्या धन्यास व तिच्या हमालास एकच समजणें होय.

तथापि एका बाबतींत जुने ग्रंथ उपयोगीं पडतात. कामकऱ्यांनीं एकत्र होणें हा अपराध कीं हक्क, हा झगडा त्यांतहि आहे. कौटिल्यानें कंटकशोधनांत, कारागिरांनीं एकत्र होऊन कामाचा दर्जा उतरविला अथवा आपला लाभ वाढविला तर हजार पणांचा दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्यानें उलट बाजू पाहिली: व्यापाऱ्यांनीं एकत्र होऊन कारागिरांस जाचक होईल असा भाव ठरविल्यास त्यांस उत्तम साहस दंड. कौटिल्याची दृष्टि आधुनिक काळांतहि गेली नव्हती. १९२० च्या सुमारास मद्रासेंत गिरणीमालकांनीं वाडियांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर फिर्याद करून हायकोर्टाचा मनाईहुकूम आणिला, त्यानंतर ना. म. जोशी ह्यांनीं १९२१ त मध्यवर्ती कायदेमंडळांत ठराव आणिला, आणि त्याची परिणति १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यांत झाली. तोंवर संघ करणें हें कटाच्या आरोपापासून सुरक्षित नव्हतें. १८८४ च्या असोसिएशननें नियम व यादी ठेविली नाहीं म्हणून तिला संघ न म्हणणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, नोंद करून घेणारा कायदाच पुढें बेचाळीस वर्षांनीं आला.

लोखंडे ह्यांचा विरोध केवळ मालकांकडून झाला नाहीं, हें सांगणें अप्रिय असलें तरी सांगितलें पाहिजे. इकडील कारखान्यांस कायद्यानें जखडावें असा उद्योग विलायतेंत लँकेशायरचे गिरणीवाले करीत होते, व त्यांत त्यांचा स्वार्थ उघड होता. त्यामुळें 'केसरी', 'मराठा' धरून आपल्या बहुतेक राष्ट्रीय पत्रांनीं फॅक्टरी कायद्यास विरोध केला. नुकत्याच जन्मलेल्या स्वदेशी धंद्याचा गळा घोटण्याची ही युक्ति आहे, असें त्यांचें म्हणणें. तें अगदींच खोटें नव्हतें. पण लँकेशायरचा हेतु वाईट म्हणून परळच्या मुलाचे तास कमी करूं नयेत, हें अनुमान आमच्या न्यायशास्त्रांत तरी बसत नाहीं. जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजांतून आलेले लोखंडे १८८० पासून 'दीनबंधु' पत्र चालवीत होते, व त्या पत्रानें कामगारांची बाजू सोडली नाहीं. कायद्याचा पहिला मसुदा १८७८ त तयार करणारे सोराबजी शापुरजी बंगाली हेहि मुंबईचेच, हें टीकाकार विसरत.

लोखंडे स्वतः साच्यावर काम करणारे नव्हते. गिरणींत स्टोअरकीपर होते. हा आक्षेपहि त्यांच्यावर घेतला जातो. त्याचें उत्तर २४ एप्रिल १८९० च्या सभेनें दिलें आहे. महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्या दिवशीं सुमारें दहा हजार कामगार जमले, आणि दोन स्त्रियांनीं उभें राहून भाषणें केलीं. त्या काळच्या मुंबईंत उच्च वर्णांच्या सभेंतहि स्त्री भाषणास उभी राहणें विरळा, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस त्या दोघींचें धैर्य कळेल. सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या सभेकडे गेला, व १० जून १८९० रोजीं आदित्यवारची सुटी मान्य झाली. आदित्यवार हा साहेबाचा वार म्हणून आपण तो घेतला, असा समज आहे. पण कुणब्या-मराठ्यांच्या घरीं तो पूर्वींपासूनच खंडोबाचा वार होता, म्हणून तो त्यांस परका वाटण्याचें कारण नव्हतें. जोतीरावांचें देहावसान त्याच वर्षीं नोव्हेंबरांत झालें. हा विजय त्यांच्या हयातींत झाला.

त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें नेमिलेल्या फॅक्टरी कमिशनांत बंगाली हे सभासद असून मुंबईपुरते लोखंडे ह्यांस सहकारी म्हणून घेण्यांत आलें. १८९१ च्या कायद्यानें सर्व कामगारांस आठवड्याची सुटी व अर्ध्या तासाची विश्रांति मिळाली. स्त्रियांचे तास अकरा व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात ठरले. पहिल्या दोन मागण्या येणेंप्रमाणें सात वर्षांत पदरांत पडल्या. तिसरीस विलंब लागला, व मध्यंतरीं विजेचे दिवे येऊन सूर्यास्ताची मर्यादाहि नाहींशी झाली. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर १९११ त आला, अकरांवर १९२२ त. चौथी मागणी १९३६ च्या वेतनकायद्यानें पुरी झाली. त्यांत लहान कारखान्यांस सात व हजारावर माणसें असलेल्यांस दहा दिवसांची मुदत होती, म्हणजे मागितलें होतें त्याहून थोडें अधिकच मिळालें. पांचवी मात्र १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यापर्यंत थांबली. तो १ जुलै १९२४ पासून अमलांत आला, आणि त्यानेंहि तात्पुरत्या अपंगत्वास पूर्ण पगार दिला नाहीं. निम्म्या पगाराइतकी, महिना तीस रुपयांच्या मर्यादेंत, रक्कम ठरविली, व तीहि पहिले दहा दिवस सोडून. चाळीस वर्षांत किती हातांचा हिशेब ह्या एका ओळीवांचून राहिला असेल, ह्याची गणना कोणत्याहि दप्तरांत नाहीं.

नोकरी टिकविण्याची मागणी ह्या पांचांत कोठेंच नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यानें नेमकें हेरलें. गिरण्या वाढत होत्या तोंवर जॉबराची मर्जी राखली म्हणजे काम मिळे. एका विणकराकडे दोहोंऐवजीं तीन साचे देण्याची योजना निघाली तेव्हां उरलेल्यांचें काय, हा प्रश्न उभा राहिला, आणि १९२८ चा सुमारें सहा महिन्यांचा संप मुख्यतः त्यावर झाला. गिरणी कामगार युनियन त्याच संपांत जन्मली. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

राहिला मूळ प्रश्न. याज्ञवल्क्यानें समूहाच्या व्यवस्थेंत 'कार्यचिंतक' म्हणून एक पद सांगितलें आहे. तो धर्मज्ञ, शुचि व अलुब्ध असावा आणि समूहाच्या हिताचें बोलणारांचें वचन इतरांनीं पाळावें, येवढीच तेथें अट आहे. समूहास संघपण येतें तें संविदेनें, म्हणजे सर्वांनीं मिळून केलेल्या ठरावानें. सुपारीबागेंतील साडेपांच हजार सह्या ही संविद् होती, व अहवालांतला 'आपखुशीचा सल्लागार' हा कार्यचिंतक होता. म्हणून १८८४ च्या असोसिएशनला पहिला संघ म्हणण्यास आमची हरकत नाहीं. मात्र वर्गांत सांगावयाचें वाक्य आतां आम्ही निराळें सांगूं, व सभासदांची यादी नव्हती हेंहि सांगूं. ती नसल्याचा परिणाम लौकरच दिसला. १८९६ त मुंबईंत प्लेग शिरला; लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्याच रोगानें, वयाच्या पन्नाशीच्या आंत, वारले. त्यांचें काम हातीं घेण्यास नेमलेला कोणी नव्हता. परळच्या कामगारांत पुढची टिकाऊ संस्था, कामगार हितवर्धक सभा, निघावयास १९०९ साल उजाडलें.