टीव्ही बंद केल्यावरही काम का करतो? स्क्रीनवरच्या ‘डागा’मागचं कारण

मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या सडक अर्जुनीत मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी डॅशबोर्डवर मॅप लावून ठेवलेल्या मोबाईलची स्क्रीन अचानक मंद होते. बहुतेक वेळा फोन बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान योग्य असल्याचं सांगितलंय. म्हणजे विदर्भातली उन्हाळी दुपार आधीच हद्दीबाहेर!

हा प्रश्न सर्वात जास्त ओएलईडी स्क्रीनला सतावतो. मोबाईलच्या जाहिरातींमध्ये तिलाच ‘अमोलेड’ म्हणतात. इथे मागे वेगळा दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो. त्यातला सेंद्रिय पदार्थ वापरानुसार झिजतो आणि निळा रंग देणारा भाग सगळ्यात लवकर थकतो. रोज तासन् तास एकच न्यूज चॅनेल चालू असेल, तर लोगोच्या जागचे पिक्सेल इतरांपेक्षा जास्त झिजतात. चॅनेल बदललं तरी लोगोची सावली दिसत राहते. याला ‘बर्न-इन’ म्हणत असले, तरी प्रत्यक्षात काही जळालेलं नसतं. उष्णता ही झीज आणखी वाढवते.

मग कंपन्या काय करतात? कोणता पिक्सेल किती कमजोर झाला, हे शोधून त्याला थोडा जास्त करंट देतात. काही स्क्रीन वापराच्या हिशेबावरून झिजेचा अंदाज बांधतात. अनेक ओएलईडी टीव्ही मात्र थेट मोजणी करतात. अडचण अशी, की तापलेल्या पॅनलमधून तेवढ्याच व्होल्टेजवर जास्त करंट वाहतो. त्यामुळे थकलेला पिक्सेलही गरम असताना ठणठणीत वाटू शकतो. म्हणून ही मोजणी टीव्ही बंद झाल्यावर, पॅनल थंडावल्यावर करणं सोयीचं. एलजीच्या ओएलईडी टीव्हीत एकूण साधारण ४ तास पाहून झाल्यावर, रिमोटने बंद केलं की ही प्रक्रिया आपोआप चालते.

आणि इथेच आपली सवय आडवी येते. रात्री टीव्ही थेट बोर्डाच्या बटणाने बंद केला किंवा लाईट गेली, तर ही दुरुस्ती राहून जाते. त्यामुळे आधी रिमोटने बंद करा, थोड्या वेळाने बटण. विजा कडाडत असतील तर मात्र सरळ प्लग काढा, पिक्सेलचं नंतर बघता येईल.

ही भरपाईही अमर्याद नसते. जास्त करंट म्हणजे जास्त झीज. एका अर्थी ऋण काढून सण. ब्राइटनेस कमी ठेवणं आणि स्क्रीन लवकर बंद होईल असं सेटिंग करणं, हे जास्त स्वस्तातले उपाय.

तुमच्या फोनवर डाग आहे का, हे पाहायचं असेल तर पूर्ण राखाडी रंगाचा फोटो फुल स्क्रीनवर उघडा. दिसलेली सावली काही मिनिटांत विरली तर ती तात्पुरती. दिवसेंदिवस तशीच राहिली, तर ते बर्न-इन.