लागोपाठचे नंबर

आपल्या अहमदपूरपासून समुद्र लई लांब. निजामाच्या काळात हा तालुका बीदर जिल्ह्यात होता आणि शेवटी शेवटी संस्थानाला किनाराच उरला नव्हता. कोकणातल्या पोरांचं तसं नव्हतं. रत्नागिरी, सावंतवाडीकडच्या गरीब घरातल्या पोरांना गलबतं रोज दिसायची.

1835 मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून भारतातून करारावर मजूर नेले गेले. पाच वर्षांचा करार, महिना साधारण 5 रुपये, वर शिधा आणि कपडे. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांवर माणसं तिकडे उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून गेली, पण मुंबईहून गेलेल्यांत मराठी माणसंही होती.

आता संशोधनाचा भाग बघा. या मजुरांची रजिस्टरं मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, सगळं लिहिलेलं. 1860 च्या दशकापासून फोटोही आहेत. स्वप्नासाठी मात्र रकाना नाही! मग मित्र शोधायचे कसे?

तर नंबरावरून. कारकून रांगेतल्या क्रमानं नंबर देणार. एकच गाव, सारखं वय, बापाची नावं वेगळी आणि नंबर लागोपाठ, असं दिसलं की ते रांगेत शेजारी उभे असावेत असं धरता येतं. मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे इथं लगेच शंका येते: ते स्वतः ठरवून निघाले की मुकादमानं एका गावातून गोळा केले? परत आलेले मजूरच पुष्कळदा गावात भरती करायचे. दोन्ही शक्यता उघड्या ठेवाव्या लागतात. नुसत्या नंबरावरून 'जिवलग मित्र' लिहून टाकलं तर व्हायव्हात गाईड सोडणार नाही.

आणि गरिबी सुटली का? एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायचे. 1850 च्या दशकात परतीचा फुकट प्रवासही बंद झाला. बरेच जण तिथंच राहिले.

ते एकत्र राहिले का, हे रजिस्टर सांगत नाही. त्यासाठी विवाहनोंदी काढायच्या. त्यात साक्षीदारांची नावं असतात. आठ-दहा वर्षांनी एकाच्या लग्नात दुसरा साक्षीदार म्हणून सापडला, तर रांगेतल्या त्या नंबरांना वजन येतं.