आडापासून विंधनविहिरीपर्यंत

श्रोतेहो, आपल्याकडे विहिरीची खोली पूर्वी परसांत मोजीत. माणसाने दोन्ही हात वर करून उभे राहावे, तेवढी उंची म्हणजे एक परस. घरामागचा आड पाच-सहा परस खोल गेला की बहुधा घराचे भागे. पहार, सुरुंग आणि बाहुबळ यांना जमेल तेवढीच विहीर खोल जाई. आज यंत्र शेकडो फूट खाली उतरते. पाणी मात्र पुष्कळ ठिकाणी अजून परसांच्याच हिशेबाने राहते. असे का बरे?

याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारस वर आला व थरावर थर साचत गेला. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग या काळ्या पाषाणाचा आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस छिद्र घेतले, तेव्हा हा पाषाण ३३८ मीटर जाड भरला. कोयनेजवळ तो ९०० मीटरांवर गेला.

पण जाड दगड म्हणजे पुष्कळ पाणी नव्हे. पाणी मुरते ते वरच्या मुरमात, भेगाळलेल्या दगडात आणि दोन थरांच्या सांध्यात. मांजऱ्या खडकाला भोके खूप, पण पुष्कळशी भोके स्फटिकांनी बुजलेली. मग एका भोकातले पाणी दुसऱ्यात जाणार कसे? खोल जावे तशा भेगाही वरच्या ओझ्याने मिटत जातात. म्हणून "आणखी शंभर फूट गेलो की पाणी लागेलच" ही आशा अनेकदा फोल ठरते.

तरीही यंत्राचे उपकार विसरून चालणार नाही. १९६७ साली बिहारच्या दुष्काळात युनिसेफने दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रे आणली. हातांनी महिनोन्महिने फोडावा लागणारा कातळ ती बघता बघता भेदू लागली. पण बिडाचे हातपंप गावाच्या वापराला टिकेनात. तेव्हा जालन्याच्या मिशनच्या कारखान्यात मजबूत पोलादी पंप घडला, सोलापुरात तो सुधारला आणि त्याच धर्तीवर पुढे 'इंडिया मार्क-२' तयार झाला. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या गावांत मग विंधनविहिरी वाढल्या आणि कित्येक मायबहिणींची पायपीट वाचली.

पुढे तेच यंत्र शेतांत आणि अंगणांत आले, आणि खोलीची चढाओढ लागली. एकाने दोनशे फूट घेतले की शेजारी तीनशे घेणार! भेग मात्र दोघांची एकच. आणि तिच्यावर जगणारा जुना आड आधी कोरडा पडतो. कोरड्या बोअरात पैसे गेले, तर ते पाण्यात गेले असेही म्हणता येत नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेती व उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल विहिरींना मनाई केली.

शिक्षकबंधूंनो, एक काम आपल्या हातचे आहे. पावसाळ्यापूर्वी व नंतर गावातील विहिरींची पातळी मुलांकडून मोजवून वहीत टिपा. नवी विंधनविहीर होईल तेव्हा मुरूम कितीव्या फुटाला संपला आणि पाणी कितीव्या फुटाला लागले, तेही लिहून ठेवा. पुढच्या घरधन्याला ती वही पाणाड्याच्या काठीपेक्षा खरी वाट दाखवील. आणि नाला अडवून, बांध घालून वरचे पाणी खाली मुरविल्यावाचून गत्यंतर नाही. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार?